नकाराची किंमत

१. सतरंज्या गुंडाळताना विचारलेला प्रश्न

लैंगिक आरोग्याविषयी चार माणसांसमोर बोलण्याचा प्रसंग आला की भर सभेत सहसा कोणी काही विचारीत नाही. परंतु आभार मानून झाले, सतरंज्या गुंडाळल्या जाऊ लागल्या, की कोणी प्रौढ गृहस्थ, कधी एखादे शिक्षक, कधी ग्रामपंचायतीचे सदस्य, जवळ येऊन हलक्या आवाजात एक प्रश्न विचारतात, आणि तो मला इतक्या गावी, इतक्या निरनिराळ्या माणसांनी विचारला आहे की या प्रकरणाचा आरंभ त्यानेच करणे रास्त वाटते. "सरकार निरोध फुकट देतं, तपासणी फुकट, औषधसुद्धा फुकट. मग हे रोग त्याच त्या वस्त्यांत का राहतात? त्या लोकांना स्वतःच्या जिवाचं काहीच वाटत नाही का?"

विचारणाऱ्याच्या मनात दुष्टावा नसतो. साधन महाग असेल तर ते लोकांना परवडत नाही आणि माहिती नसेल तर लोक ते वापरीत नाहीत, या दोन अडचणी दूर केल्या की रोग हटलाच पाहिजे, असा त्याचा सरळ हिशेब असतो. आणि आपल्या सरकारचाही हिशेब दीर्घकाळ हाच होता. १९६८ साली कुटुंबनियोजनासाठी 'निरोध' बाजारात आला, तेव्हा तीन नगांचे पाकीट पंधरा पैशांना, म्हणजे कोणाही मजुराला झेपेल अशा दरात, चहा-साबण विकणाऱ्या मोठ्या कंपन्यांच्या मार्फत किराण्याच्या दुकानापर्यंत पोहोचविण्यात आले. पुढे एड्सचे संकट आल्यावर ज्या वस्त्यांत धोका अधिक तेथे तेच साधन मोफत वाटले जाऊ लागले. किंमत शून्यावर आली, भिंतीभिंतींवर माहिती रंगविली गेली, तरीही हिशेब पुरता जुळला नाही. कारण त्यात एक खर्च मांडायचाच राहून गेला होता. निरोध फुकट मिळतो, पण समोरच्याला "त्याशिवाय नाही" असे सांगणे फुकट पडत नाही. त्या एका नकाराची किंमत प्रत्येकाला सारखी पडत नाही, आणि ज्यांना ती सर्वांत जड पडते त्यांच्याच वस्त्यांत रोग ठाण मांडून बसतो, हेच या प्रकरणात उलगडून सांगावयाचे आहे. त्यासाठी आधी रोग पसरतो कसा, हे थोडे समजून घ्यावे लागेल.

२. शेजारणीकडचा विस्तव

काड्यापेटी घरोघर आली नव्हती तेव्हा सकाळी चूल पेटविण्यासाठी शेजारणीकडून गोवरीवर विस्तव आणण्याची चाल होती. अशा गावात विस्तव टिकून राहील की विझून जाईल, हे तीन गोष्टींवर ठरेल. नेलेला निखारा धरण्याची शक्यता किती, हे पहिले. एका चुलीपाशी विस्तव मागायला किती जणी येतात, हे दुसरे. आणि एका चुलीतला निखारा राखेखाली किती काळ जिवंत राहतो, हे तिसरे. या तिन्हींचा गुणाकार एकापेक्षा अधिक असेल, म्हणजे प्रत्येक चूल विझण्यापूर्वी एकाहून अधिक चुली पेटवीत असेल, तर विस्तव गावभर पसरेल. एकापेक्षा कमी असेल, तर काही दिवसांत सारे गाव थंड पडेल.

लैंगिक संबंधांतून पसरणाऱ्या रोगांचे गणित असेच आहे. एक कल्पित उदाहरण घेऊ. एखाद्या रोगाची बाधा एका नव्या जोडीदाराला होण्याची शक्यता दहांत एक आहे, बाधित व्यक्तीचा महिन्याकाठी पाच नव्या जोडीदारांशी संबंध येतो आणि उपचारावाचून ती चार महिने बाधित राहते, असे धरा. एकदशांश गुणिले पाच गुणिले चार, म्हणजे दोन. एकापासून दोघांना, दोघांपासून चौघांना, असा रोग वाढत जाईल. आता त्याच व्यक्तीला महिन्याच्या आत उपचार मिळाला, आणि बाकी काहीही बदलले नाही, तर एकदशांश गुणिले पाच गुणिले एक, म्हणजे अर्धा. रोग विझू लागला. कोणाचे वर्तन सुधारले नाही, कोणाचा व्यवसाय सुटला नाही, कोणाला उपदेश करावा लागला नाही. केवळ चार महिन्यांचा एक महिना झाला.

निरोध पहिला आकडा घटवितो. वेळेवर मिळालेला उपचार तिसरा घटवितो, आणि हे उपचार अवघड नाहीत: गरमीची बाधा नवी असताना पेनिसिलिनचे एक इंजेक्शन पुरते. शिवाय हे आकडे एकमेकांत गुंतलेले आहेत. एचआयव्हीचा विषाणू एकाच संबंधातून लागण्याची शक्यता सर्वसाधारणतः शंभरात एकाहूनही कमी असते, परंतु गुप्तांगावर दुसऱ्या एखाद्या रोगाचा व्रण असला की ती पुष्कळ वाढते. म्हणजे साध्या, स्वस्तात बऱ्या होणाऱ्या रोगाकडे झालेले दुर्लक्ष दुसऱ्या, आयुष्यभर सोबत राहणाऱ्या रोगाला दार उघडून देते. आणि राखेखालच्या निखाऱ्याप्रमाणे यांतले बरेच रोग, विशेषतः स्त्रियांच्या शरीरात, महिनोन्महिने काही लक्षण न दाखविता धुमसत राहतात.

वाचकाने हा गुणाकार ध्यानात ठेवावा. पुढे आपण ज्या ज्या गोष्टी पाहणार आहोत, मग ते कर्ज असो, पोलिसांचा दंडुका असो की दवाखान्यातला एखादा शब्द असो, त्या सर्व या तीन आकड्यांपैकी कोणत्या ना कोणत्या आकड्यात जाऊन बसतात.

३. एका रात्रीचा जमाखर्च

पुन्हा एक कल्पित उदाहरण, पण वेश्यावस्तीतल्या कोणत्याही बाईला ओळखीचे वाटेल असे. एका बाईच्या डोक्यावर घरवालीचे, म्हणजे कुंटणखाना चालविणाऱ्या बाईचे, वीस हजारांचे कर्ज आहे. आजारपणात घेतलेले, व्याजाने फुगलेले. एका गिऱ्हाइकाचे दोनशे रुपये येतात, त्यांतले निम्मे घरवालीचे. गावी आईकडे ठेवलेल्या मुलीचा खर्च, स्वतःचे जेवण आणि कर्जाचा हप्ता मिळून तिला दिवसाला तीनशे रुपये हातात पडावे लागतात, म्हणजे तीन गिऱ्हाइके. रात्रीचे अकरा वाजले आहेत, पाऊस आहे, दोनच आली आहेत. तिसरा येतो, प्यालेला आहे, आणि म्हणतो, निरोध नको, शंभर रुपये जास्त देतो. हे वरचे शंभर घरवालीच्या हिशेबात येत नाहीत.

तिने नाही म्हटले तर आजचे दोनशे रुपये गेले, हप्ता चुकला, घरवालीची बोलणी बसली, आणि प्यालेल्या माणसाने हात उगारण्याची धास्ती वेगळी. तो तर शेजारच्या दारात जाईल. तेथे कोणी तरी हो म्हणेलच. हो म्हटले तर एक रोग, जो कदाचित लागेल, कदाचित लागणार नाही, आणि लागला तरी ज्याची फळे वर्षांनंतर दिसतील. धोका काय आहे हे तिला भिंतीवरच्या चित्राइतकेच स्पष्ट माहीत आहे. पेरणीच्या तोंडावर सावकाराच्या दारात उभ्या असलेल्या शेतकऱ्यालाही व्याजाचा दर माहीत असतोच. त्याला व्याजाचे गणित शिकविण्यासाठी शिबिर भरविले तर तो काय म्हणेल, याचा विचार करावा.

ही बाब केवळ धंदा करणाऱ्या बाईचीच नव्हे. मुंबईहून दिवाळीला घरी आलेल्या नवऱ्याला निरोधाची गोष्ट सुचविणारी सून त्या एका शब्दाने त्याच्यावर संशय घेते आणि स्वतःवरही ओढवून घेते. तिच्या नकाराची किंमत रुपयांत मोजता येत नाही, माहेरी परत जाण्याच्या तिकिटात मोजावी लागते. आणि वस्तीतली बाईसुद्धा गिऱ्हाइकाला जे ठामपणे सांगू शकते ते 'मालका'ला, म्हणजे ज्याला तिने आपला माणूस मानले आहे त्याला, सांगू शकत नाही. तेथे निरोध मागणे म्हणजे तो परका आहे असे म्हणणे.

पोलिसांचा भाग यात कसा येतो? रस्त्यावर उभ्या असलेल्या बाईच्या किंवा तृतीयपंथीयाच्या पिशवीत निरोध सापडला की तोच धंद्याचा पुरावा धरण्याची रीत आपल्या देशात कित्येक वर्षे चालत आली. एका सरकारी खात्याने जे साधन वाटावे, तेच दुसऱ्या खात्याने पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून मांडावे, अशा व्यवस्थेत पिशवी रिकामी ठेवणे हेच शहाणपण ठरते. १९ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, आरोग्यरक्षणासाठी बाळगलेली अशी साधने गुन्ह्याचा पुरावा मानू नयेत, असे स्पष्ट निर्देश दिले. निरोध बाजारात आल्यानंतर चौपन्न वर्षांनी.

४. केसपेपरची खिडकी

आता तिसरा आकडा: काळ. दुखणे जाणवू लागल्यापासून उपचार मिळेपर्यंत किती दिवस जातात, आणि ते का जातात? मी एकदा एका सरकारी दवाखान्यात, दुसऱ्याच कामासाठी, केसपेपरच्या खिडकीजवळच्या बाकावर सुमारे दोन तास बसून होतो. रांगेत तिशीची एक बाई होती. हिरवी सुती साडी, हातात प्लास्टिकची पिशवी. तिचा नंबर आला तेव्हा आतून आवाज आला, "नाव?" तिने सांगितले. "नवऱ्याचं नाव?" ती गप्प राहिली. "अहो बाई, नवऱ्याचं नाव सांगा, मागं लाईन आहे." तिने काहीतरी पुटपुटले. "कोणता वॉर्ड? काय होतंय?" ती खिडकीच्या जाळीशी तोंड नेऊन हळू बोलली, आणि आतून तितक्याच मोठ्याने, पण काही मनात न ठेवता, केवळ कामाच्या घाईत, प्रत्युत्तर आले, "गुप्तरोगाला जायचंय का? मग इथं कशाला उभ्या राहिलात?"

मागच्या दोन बायकांनी एक पाऊल मागे घेतले. ती बाई पिशवी छातीशी धरून रांगेतून बाहेर पडली आणि जिन्याकडे न जाता फाटकाकडे गेली.

खिडकीतल्या माणसाने कायदा मोडला नव्हता, पैसे मागितले नव्हते, उपचार नाकारला नव्हता. दवाखाना फुकट होता, डॉक्टर जागेवर होते, इंजेक्शन बहुधा कपाटात होते. तथापि आपल्या मघाच्या गुणाकारात एका महिन्याचे चार महिने होण्यास तेवढे एक वाक्य पुरेसे होते. ती पुन्हा कधी आली असेल, आली असेल का, मला ठाऊक नाही. अपमान हा आपण भावनेचा विषय समजतो. साथीच्या शास्त्रात तो कालावधीच्या रकान्यात मांडावा लागतो.

५. गडचिरोलीतील दोन गावे

येथवर वाचून एखाद्याला वाटेल की हे सारे वस्तीतल्या बायकांपुरते आहे, आपल्या घरादारांशी त्याचा संबंध नाही. त्या समजुतीला महाराष्ट्रातच एक ठाम उत्तर मिळालेले आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातील दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तपासलेल्या स्त्रियांपैकी ९२ टक्क्यांना जननेंद्रियांचा किंवा लैंगिक स्वरूपाचा एक ना एक विकार आढळला, त्यांत संसर्गांचा वाटा मोठा होता, आणि यापूर्वी अशी तपासणी झालेल्या स्त्रिया अवघ्या ८ टक्के निघाल्या.

या दोन आकड्यांमधील दरी डोळ्यांसमोर आणावी. शंभरातल्या ब्याण्णव बायका दुखणे अंगावर काढीत होत्या, आणि आरोग्यखात्याच्या दप्तरी त्यांची नोंदच नव्हती. या होत्या शेतात राबणाऱ्या, चूलमूल करणाऱ्या साध्यासुध्या बायका. 'अंगावरून पांढरे जाते' हे वाक्य आपल्याकडे आई मुलीला सांगते, जाऊ जावेला सांगते, फार तर सुईणीला सांगते. ते पुरुष डॉक्टरला सांगण्याची रीत नाही, आणि नवऱ्याला सांगितले तर बाईच्याच चालीवर शंका घेतली जाते. त्यांच्याही वाट्याला नकाराची, किंबहुना नुसत्या उच्चाराची, किंमत होतीच. फरक इतकाच की वस्तीतल्या बाईकडे संशयाने तरी पाहिले गेले, या बायकांकडे कोणी पाहिलेच नव्हते. प्रसूती आणि नसबंदी सोडून स्त्रीच्या शरीराला दुसरे काही दुखणे असू शकते, ही गोष्ट त्या काळच्या ग्रामीण आरोग्ययोजनांत जवळजवळ नव्हतीच.

आपल्याकडे याविषयी उघड बोलण्याची शिक्षा काय होती, तेही सांगितले पाहिजे. र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले आणि १९२७ पासून मृत्यूपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत, 'समाजस्वास्थ्य' हे मासिक एकहाती चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना त्यात दिलेल्या उत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. १९३४ साली त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी घेतले होते. कर्वे हा खटला हरले. ज्या समाजात शंकेचे उत्तर छापणारा दंडास पात्र होतो, तेथे शंका विचारणारीने खिडकीशी कुजबुजावे यात नवल ते काय?

६. दुसऱ्याच्या नावाचा रोग

सोळाव्या शतकात भावमिश्राने 'भावप्रकाश' हा वैद्यकग्रंथ लिहिला तेव्हा युरोपीय लोकांबरोबर आलेल्या उपदंशाला, म्हणजे गरमीला, त्याने 'फिरंग रोग' म्हटले. त्याच रोगाला युरोपातले देश एकमेकांची नावे देत होते. लैंगिक रोग हा नेहमी परक्याचा असतो, आणि परका ठरविला की त्याच्यावर बळजोरी करणे सोपे जाते.

१८६८ साली इंग्रज सरकारने हिंदुस्थानात सांसर्गिक रोगांचा कायदा केला. छावण्यांतल्या गोऱ्या शिपायांत गुप्तरोग बोकाळले होते, फौजेतले माणूसबळ खाटेवर पडत होते, आणि त्यावर इलाज म्हणून वेश्यांची सक्तीने नोंदणी, ठराविक मुदतीने सक्तीची तपासणी, आणि रोग आढळल्यास 'लॉक हॉस्पिटल'मध्ये अटकाव, अशी तजवीज झाली. जिच्यापासून रोग लागतो असे मानले तिला बंदोबस्तात ठेवले. जो तिच्याकडे येतो आणि पुढच्या छावणीत जातो, त्याला त्या कायद्याने हात लावला नाही. गुणाकाराच्या भाषेत बोलायचे तर दोन चुलींमधला विस्तव विझविण्यासाठी एकाच चुलीवर पाणी ओतीत राहिले. बायका नोंदणी चुकवू लागल्या, परागंदा होऊ लागल्या, म्हणजे डॉक्टरच्या नजरेआड गेल्या. वीस वर्षांनी, १८८८ मध्ये, तो कायदा रद्द करावा लागला.

शंभर वर्षांत आपण काही शिकलो असू, असे वाटणे साहजिक आहे. १९८६ साली भारतात एचआयव्हीची पहिली नोंद मद्रासमध्ये, वेश्याव्यवसायातील स्त्रियांच्या रक्ताच्या चाचण्यांतून, डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांची विद्यार्थिनी सेल्लप्पन निर्मला यांच्या कामामुळे झाली. आणि अवघ्या तीन वर्षांत गोव्यात जुना इतिहास पुन्हा घडला. डॉमिनिक डिसूझा हा तरुण नियमाने रक्तदान करीत असे. त्याच्या रक्तात विषाणू आढळला, आणि १९८९ च्या फेब्रुवारीत, नेमके काय झाले आहे हे धडपणे सांगण्यापूर्वीच, पोलिसांनी त्याला ताब्यात घेतले. गोव्याच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तेव्हा अशा व्यक्तीस अलग ठेवण्याची तरतूद होती. त्याला ६४ दिवस एकांतात कोंडून ठेवण्यात आले. त्याच्या आईने उच्च न्यायालयात दाद मागितली. तो घरी आला, पण कायद्याचे ते कलम न्यायालयाने वैधच ठरविले. १९९२ साली तो गेला. त्याच वर्षी त्याने सुरू केलेली 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था त्याच्या मागे उभी राहिली.

हा विषाणू स्पर्शाने, श्वासाने किंवा एकत्र जेवण्याने पसरत नाही. म्हणून त्या कोंडण्यातून एकाही माणसाचा बचाव झाला नाही. मात्र त्या बातमीने तपासणीला जाण्याचा विचार करणाऱ्या किती जणांची पावले मागे फिरली असतील, हे कोणत्या दप्तरात सापडणार? संमतीवाचून एचआयव्हीची चाचणी करू नये आणि निकाल गुप्त राखावा, असा केंद्रीय कायदा २०१७ साली झाला आणि सप्टेंबर २०१८ मध्ये तो अमलात आला. मला त्या कायद्याचे मोल डिसूझांच्या ६४ दिवसांत दिसते.

७. चाळीस दारे

सांगलीचे गोकुळनगर ही धंदा करणाऱ्या बायकांची वस्ती. त्यांतल्या पुष्कळ जणी सीमेपलीकडच्या कानडी मुलखातून आलेल्या, अनेक देवाला सोडलेल्या, म्हणजे देवदासी. १९९२ साली मीना सरस्वती शेषू यांनी उभ्या केलेल्या 'संग्राम' या संस्थेने तेथे निरोधाचे काम सुरू केले, आणि निरोधांची वाटणी बाहेरच्या कार्यकर्त्यांकडे न ठेवता वस्तीतल्या बायकांच्याच हाती सोपविली. पुढे १९९६ मध्ये या बायकांनी स्वतःची संघटना काढली. तिचे नाव 'वेश्या अन्याय मुक्ती परिषद'. ज्या शब्दाने समाज त्यांना हिणवी, तोच त्यांनी फलकावर ठळक अक्षरांत घातला.

निरोधाची खोकी कोणीही वाहून नेऊ शकते. मग बायकांनीच ती वाटण्याने काय फरक पडला? येथे तिसऱ्या विभागातल्या त्या पावसाळी रात्रीकडे परत जाऊ. एका गल्लीत चाळीस दारे आहेत असे धरा. एकच बाई नाही म्हणाली तर गिऱ्हाईक एकोणचाळीस दारांपैकी कोठेही जाईल आणि तोटा तिचा एकटीचा होईल. वीस जणी म्हणाल्या तर त्याला थोडे हिंडावे लागेल. पण चाळिसांच्या चाळीस जणी तेच म्हणाल्या, तर त्याला दुसरे दार उरत नाही आणि तिच्या वाट्याचे शंभर रुपये तिच्यापाशीच राहतात. नकाराची किंमत एकटीसाठी असह्य असते. चाळीस जणींत वाटली की ती जवळजवळ नाहीशी होते. हे बाहेरच्या डॉक्टरला किंवा व्याख्यात्याला घडवून आणता येत नाही, कारण शेजारचे दार खरोखर बंद राहील की नाही याची खात्री शेजारणीच देऊ शकते. संध्याकाळी दारोदार फिरून कोणाकडे किती निरोध उरले आहेत हे पाहणारी बाई निरोधाबरोबर हा भरवसाही वाटीत असते.

आणि मग त्यांचे काम निरोधापाशी थांबले नाही. गिऱ्हाइकाने मारहाण केली तर चौकीवर एकीऐवजी दहा जणी जाऊ लागल्या. दवाखान्यात आजारी बाईबरोबर दुसरी जाऊ लागली.

कोलकात्याच्या सोनागाछीत याच सुमारास, १९९२ साली, डॉ. स्मरजित जाना यांच्या पुढाकाराने सुरू झालेल्या कामाने कर्जाच्या मुळालाच हात घातला. आरंभीच्या पाहणीत नियमाने निरोध वापरणाऱ्या बायका शंभरात तिघीही नव्हत्या. दहा वर्षांच्या आत त्या बहुसंख्य झाल्या, आणि या प्रवासात १९९५ मध्ये स्थापन झालेल्या 'उषा' या त्यांच्याच सहकारी पतसंस्थेचा हिस्सा मोठा होता. सावकाराऐवजी स्वतःच्या पेढीतून कर्ज मिळू लागले की हप्ता चुकण्याची धास्ती सरते, आणि पावसाळी रात्री तिसऱ्या गिऱ्हाइकाला परत पाठविता येते. पतसंस्थेचे पासबुक हे रोगप्रतिबंधाचे साधन आहे, असे कोणत्याही वैद्यकीय पाठ्यपुस्तकात मला आढळले नाही, ते असावे.

या कामाला पैसा देणाऱ्यांच्या अटीही कधी कधी त्याच जुन्या संशयाने लिहिलेल्या असत. अमेरिकेच्या २००३ च्या कायद्यानुसार एड्सनिवारणासाठी मदत घेणाऱ्या संस्थेला वेश्याव्यवसायाला आपला विरोध आहे असे लिहून द्यावे लागे. ज्यांच्या भरवशावर काम उभे आहे त्यांच्याविरुद्ध सही करणे 'संग्राम'ला मान्य नव्हते, आणि २००५ मध्ये तिने तो पैसा सोडला. ही अट अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली, निदान त्या देशातल्या संस्थांपुरती, घटनाबाह्य ठरविली.

८. आज आकडे काय सांगतात

नव्वदच्या दशकात मुंबईच्या काही वस्त्यांतून तपासलेल्या बायकांपैकी निम्म्याच्या आसपास एचआयव्हीने बाधित आढळत होत्या. २०२१ च्या राष्ट्रीय पाहणीत धंदा करणाऱ्या स्त्रियांतले प्रमाण शंभरात दोनांच्याही किंचित खाली आले. देशातल्या प्रौढ लोकसंख्येत ते हजारात दोन आहे, म्हणजे अंतर अद्याप नऊ पटींचे. तरी ज्यांच्यापाशी संघटना उभी राहिली त्यांचा आकडा उतरला, हे विसरता येत नाही. त्याच पाहणीत पुरुषांशी संबंध असणाऱ्या पुरुषांत तो शंभरात तीनांच्या वर, तृतीयपंथीयांत चारांच्या जवळ, आणि सुईने नशा करणाऱ्यांत नऊ होता.

हे उरलेले गट पाहिले की एक गोष्ट ध्यानात येते: ज्यांचे अस्तित्वच दीर्घकाळ कायद्याने गुन्हा मानले किंवा ज्यांना कागदोपत्री लिंगच दिले नाही, त्यांच्यात आकडे चढे आहेत. समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारी ३७७ कलमातील तरतूद ६ सप्टेंबर २०१८ रोजी गेली. तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०१४ मध्ये दिली. मुंबईत 'हमसफर ट्रस्ट' १९९४ पासून काम करीत आहे, म्हणजे त्यातल्या पहिल्या चोवीस वर्षांतला बहुतेक काळ तिने कायद्याच्या दृष्टीने गुन्हेगार असलेल्या माणसांना दवाखान्यात आणण्यात घालविली.

औषधांच्या बाजूने काळ अनुकूल झाला आहे. १ एप्रिल २००४ पासून सरकारी केंद्रांतून एचआयव्हीची औषधे मोफत मिळतात. नियमाने घेतली आणि रक्तातील विषाणू चाचणीत सापडणार नाही इतका दबला, की त्या व्यक्तीपासून लैंगिक संबंधातून दुसऱ्याला बाधा होत नाही, हे आता निर्विवाद सिद्ध झाले आहे. विस्तवाच्या भाषेत, निखारा आहे पण तो धरत नाही. परंतु गोळी रोज घ्यायची, ठराविक मुदतीने केंद्रावर जायचे, म्हणजे पुन्हा त्याच खिडकीपाशी उभे राहायचे.

तशाच एका खिडकीपाशी काही वर्षांनी मी पुन्हा बसलो होतो. गाव वेगळे होते. या वेळी रांगेत दोघी होत्या, एक तरुण, घाबरलेली, आणि तिच्या खांद्यामागे पन्नाशीची, कपाळावर मोठे कुंकू असलेली दुसरी. "नवऱ्याचं नाव?" आतून विचारणा झाली. तरुण बाई गप्प झाली. मागची पुढे झुकली आणि म्हणाली, "दादा, आईचं नाव लिहा. आणि आवाज जरा बेतानं, माझी पोरगी भेदरलीय." आतल्या माणसाने एकदा वर पाहिले, पेन उचलले आणि विचारले, "आईचं नाव काय?" ते त्याने लिहून घेतले, दोन नंबरच्या खोलीत जायला सांगितले, आणि दोघी जिना चढून वर गेल्या.